सरळ रेघ

१४ जानेवारी, दुपार

बायको, कांता, काल नंदिनी नगरले गेली, मैनाबाईकडं, म्हणजे तिच्या बहिणीकडं. नातवाचं नाव ठेवणं आहे. उद्या येईल. घरी मी आणि पोरगी उन्नती, दोघंच.

उन्नतीले परवापासून ताप. अंग दुखते म्हणते, छातीत जड वाटते म्हणते. सकाळी थर्मामीटर लावला. ९९. गोळी दिली, चहा दिला, आणि ती स्कूटी घेऊन ड्युटीवर गेली. हथखोजच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात लागून तिले तीनच महिने झाले, सहा महिने प्रोबेशन आहे. लोखंडाच्या कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये मी चौतीस वर्षं काढली, तापापायी एक नागा नाही. हे मी तिले सांगितलं नाही, तिले ते पाठच आहे.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी लिहायची खाज गेली नाही. तिथं दर तासाले रीडिंग लिहायचो, आता दिवसाले एकदा लिहितो. कांता म्हणते, सिलेंडर कधी लागलं हे वहीत लिहून ठेवणारा सेक्टरात तुमीच एक. असेन. आज टाकीचा वॉल्व बदलला. लीकेज नाही.

१५ जानेवारी

काल चार वाजता उन्नतीच्या ऑफिसातून फोन आला. जिन्यावर चक्कर येऊन पडली. त्या लोकांनीच जी. ई. रोडवरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. मी पोचलो तेव्हा ती बोलत होती. "बाबा, कुछ नहीं हुआ, बस बीपी लो है," म्हणाली. ओठ निळे होते.

त्यानंतरचं जसं सांगितलं तसं लिहितो. तापाच्या विषाणूनं हृदयाच्या स्नायूले सूज आली. नाव मायोकार्डायटिस. चांगलं हृदय दर ठोक्याले आतल्या रक्तातलं साठ टक्के बाहेर ढकलते, हिचं दहाच ढकलून राहिलं. बीपी वाढवायची औषधं चालू केली, वाढवली, मग आणखी वाढवली. सकाळी डॉक्टर कौस्तुभ बाहेर आले. नागपूरचा पोरगा आहे, या हिंदी मुलखात मराठी बोलते.

"काका, औषधं आता पुरत नाहीत. मशीन लावावं लागेल. मांडीतून रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा, पंपानं परत आत ढकलायचं. एक्मो म्हणतात."

"त्यानं बरं होईल?"

"मशीन हृदय बरं करत नाही. ते वेळ देते. सूज उतरली तर हृदय आपलं आपण काम सुरू करेल."

"आणि नाही उतरली तं?"

"आता आपण आधी मशीन लावायचं काम करू," डॉक्टर म्हणाले.

तीन जागी सही केली. सही चांगली आली, पासबुकवर असते तशीच. कांता ऑटोनं सरळ दवाखान्यात आली, हातात मैनाबाईनं दिलेल्या लाडवांचा डबा. तिनं विचारलं, "ताप होता तं ड्युटीवर कशी गेली ही?" मी म्हटलं, सकाळी बरी होती.

१६ जानेवारी

आयसीयूत जायचा पास एकच मिळते. सकाळी अकराले दहा मिनिटं, संध्याकाळी पाचले दहा मिनिटं. मी म्हटलं मी जातो, मले मशीन समजते. कांता खाली लॉबीत शाल घेऊन बसली.

उन्नतीच्या तोंडात नळी, डोळ्यावर पट्टी. औषधानं झोपवून ठेवली आहे. मले वाटलं होतं मी रडीन. नाही रडलो. नजर सरळ मशीनवर गेली.

पंप आहे हो. एवढासा, मुठीत मावेल असा, आणि आपलं काम करून राहिला. मांडीतून एक पाइप निघते, त्यात काळपट रक्त. दुसरी पाइप परत जाते, त्यात लालभडक. चौतीस वर्षं मी भट्टीले गार ठेवणारं पाणी ढकललं, असा बारीक पंप कधी पाहिला नाही. निशा नावाची सिस्टर आहे, कुरुदची. तिले विचारलं, लाइट गेली तं? तिनं खालची बॅटरी दाखवली. बॅटरी गेली तं? तिनं बाजूले लटकवलेलं हँडल दाखवलं. "हाथ से घुमाते हैं बाबूजी." हे मले पटलं. माणसानं हातानं चालवता येईल अशी सोय ठेवली, म्हणजे बनवणारा शहाणा.

आर.पी.एम. ३२००. फ्लो ३.६ लिटर. वर टीव्ही आहे, त्यात तिच्या बीपीची लाल रेघ. ६३/६१. रेघ एकदम सरळ. पंप हाऊसमध्ये लाइनचं प्रेशर वरखाली झालं की आमची झोप उडायची. सुई थरथरली म्हणजे कुठंतरी हवा शिरली, नाही तं बेअरिंग खराब होऊन राहिलं. इथं सुई जागची हलत नाही. असा पंप मले मिळाला असता तं साहेबाच्या अर्ध्या शिव्या वाचल्या असत्या.

खाली आलो. कांतानं विचारलं, "कशी हाय?"

"एकदम स्टेडी."

"म्हंजे चांगलं न?"

"कमीजास्ती काहीच नाही. चांगलंच."

तिनं अर्धी पोळी खाल्ली. कालपासून पहिल्यांदा.

१७ जानेवारी

सकाळी ३२००, ३.६, ६३/६१. संध्याकाळी ३२००, ३.६, ६२/६०. ठीक.

विहारातून कांतानं भंतेजींकडून पांढरा धागा आणला, उन्नतीच्या हाताले बांधायले. मी निशाजवळ दिला. तिनं सांगितलं हातात सुया आहेत, उशाखाली ठेवते. ठेवला.

कांता रोज तेच तेच विचारते. डोये उघडले का. हात गरम हाय का.

"हात नाही पायला. वर कंबल होतं."

"कंबल बाजूले सारता येत नव्हतं?"

"दहा मिनिटं मिळतात, कांता. रीडिंग घेऊ का कंबल सारू?"

यावर ती गप्प बसली. ती चिडते तेव्हा बोलते, गप्प बसते तेव्हा मले समजत नाही.

१८ जानेवारी

आज डॉक्टर कौस्तुभ आत भेटले. लाल रेघेकडं पाहून म्हणाले, "सपाटच आहे अजून." मी म्हटलं हो, तीन दिवसांपासून सपाट आहे, मी लिहून ठेवलं. वही दाखवली. त्यांनी पानं चाळली, माझ्याकडं पाहिलं, काही म्हणायले लागले आणि तेवढ्यात त्यांना दुसऱ्या बेडवर बोलावलं. चेहरा काही खुश नव्हता. पण डॉक्टर लोक खुश कधी दिसतात?

नळीतून गुलाबी फेस येऊन राहिला. निशा ओढून काढते. फुप्फुसात पाणी उतरलं म्हणे. मी विचारलं, पंप तं बरोबर आहे न? म्हणाली, पंप तो बिल्कुल ठीक है बाबूजी.

मग ठीक.

१९ जानेवारी

सकाळी ६३/६१. संध्याकाळी ६३/६१.

एक गोष्ट लिहितो, कोणाले सांगण्यासारखी नाही. मले काहीच वाटून नाही राहिलं. पोरगी आत अशी आणि मी कॅन्टीनमध्ये पोहे खातो, पोह्यात मीठ कमी आहे हे मले समजते. लॉबीतल्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, ते दिसते. विहारातले लोक आले, जय भीम केलं, एकानं गळ्यात पडून रडून घेतलं. मी त्याची पाठ थोपटली. वरून मीच म्हणतो, काळजी करू नका, सगळं स्टेडी आहे.

डावा पाय घोट्याखाली थंड आहे म्हणे. त्या पायाले रक्त जावं म्हणून आणखी एक बारीक पाइप टाकली. बायपास लाइन. हेही समजलं मले.

२० जानेवारी

सकाळी गेटवर मले शिंक आली. निशानं अडवलं.

"आज नहीं बाबूजी. छींक के साथ अंदर नहीं जाने दूँगी. अम्मा को भेज दो."

मी कांताले बोलावलं आणि सांगितलं काय पाहायचं ते. मशीनवरचे दोन आकडे, टीव्हीवरचा लाल आकडा. कागदावर लिहून दिलं. तिनं कागद ब्लाउजात खोचला आणि निशासोबत आत गेली, पास माझ्याच गळ्यात राहिला.

दहा मिनिटांनी बाहेर आली. कागदावर एकही आकडा नव्हता.

"हिले नाडी नाही," ती म्हणाली.

"काय म्हनते तू?"

"मनगट धरलं मी. दोन्ही हाताचं. मानेजवळ बी पायलं. नाडीच नाही हिले. अंग गरम हाय आणि नाडी नाही."

मी म्हटलं, तुले सापडली नसन. ती म्हणाली, "माझी माय खाटेवर होती तं सहा महिने मी तिची नाडी पायली. मले सापडत नाही?" मी म्हटलं, टीव्हीवर प्रेशर आहे, रेघ आहे, सरळ आहे. आवाज वाढला असन माझा, कारण निशा बाहेर आली. तिलेच विचारलं. इसको समझाओ सिस्टर, लाइन सीधी है न?

निशानं मागचं दार ओढून घेतलं.

"बाबूजी, वो लाइन सीधी नहीं होनी चाहिए. दिल धड़कता है तो लाइन ऊपर-नीचे होती है. सीधी है मतलब दिल खून नहीं फेंक रहा. सब मशीन ही कर रही है. डॉक्टर साहब ने आपको बताया था, पहले ही दिन."

सांगितलं असन. मी मान हलवली असन.

कांता भिंतीले टेकून उभी होती. ती मोठ्यानं बोलली नाही. "चार दिवस तुमी मले स्टेडी सांगून राहिले," म्हणाली. "मी पोळ्या खाऊन राहिली." मग तिनं माझ्या गळ्यातला पास काढला आणि आपल्या गळ्यात घातला.

२० जानेवारी, संध्याकाळ

पंप हाऊसमध्ये चुकीची नोंद झाली तं खोडायची नाही असा नियम होता. त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूले बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाले समजावं, कोण चुकलं.

१४ तारखेची नोंद चुकीची नाही, खोटी आहे. ताप ९९ नव्हता, १०१.२ होता. मी दोनदा पाहिला. उन्नती म्हणाली, "बाबा, आज नहीं जाती, साँस फूल रही है." मी म्हटलं, प्रोबेशनमध्ये नागा केला तं कायम करत नाहीत. म्हटलं, मी चौतीस वर्षांत तापापायी एक नागा नाही केला. तेही सांगितलं होतं. ती हेल्मेट घेऊन निघाली. दुपारी लिहायले बसलो तेव्हा हातानं ९९ लिहिलं. तेव्हा फोन आला नव्हता, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, तरी ९९ लिहिलं. कावून लिहिलं, ते मलेच माहीत. कांता वही वाचते कधीकधी.

रेघ मारली. १०१.२ लिहिलं. सही केली.

डॉक्टरांले विचारलं, घरी झोपली असती तं हे झालं नसतं का? त्यांनी सांगितलं, विषाणू हृदयात कोणाच्या शिरेल हे कोणाच्या हातात नाही. मग थांबून म्हणाले, "आराम असता तर थोडं उशिरा झालं असतं, कमी झालं असतं, मी नाही सांगू शकत." सांगू शकत नाही, असंच म्हणाले. नाही, असं म्हणाले नाहीत.

२१ जानेवारी

रीडिंग नाही. पास कांताजवळ.

२२ जानेवारी

आज डॉक्टरांनी दोघांले एका खोलीत बसवलं. टेबलावर टिश्यूचा डबा ठेवलेला. म्हणाले, आज आठवा दिवस. मशीन जितके दिवस चालते तितका धोका वाढते. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावं लागते, आणि पातळ रक्त मेंदूत झिरपू शकते. पायाची बोटं काळी पडून राहिली. हृदय अजून नुसतं थरथरते, झडप उघडत नाही. आणखी तीन दिवस पाहू.

"त्यानंतर?" कांतानं विचारलं.

"दुसरं हृदय बसवतात, पण त्यासाठी तिला लांबच्या शहरात न्यावं लागेल. या अवस्थेत ती रस्त्यात टिकेल असं मी म्हणणार नाही. मग आपल्याला मशीन थांबवायचं का, यावर बोलावं लागेल."

मी म्हटलं, आमच्याकडं चालू पंप बंद करायच्या आधी दुसरा पंप लोडवर घेतात. दुसरा चालू झाल्याशिवाय पहिल्याले हात लावला तं माणसाची नोकरी जायची.

"बरोबर आहे काका," डॉक्टर म्हणाले. "दुसरा पंप म्हणजे तिचं हृदय. तो चालू होतो का, याचीच वाट आहे."

कांता माझ्याकडं न पाहता म्हणाली, "पोरीले पंप म्हनू नका." डॉक्टरांले म्हणाली का मले, समजलं नाही. 

बाहेर येऊन मी लॉबीतल्या खुर्चीवर बसलो आणि तेव्हा मले भीती वाटली. आठ दिवसांत पहिल्यांदा.  त्यात एक भीती उन्नती जाईल याची होती. दुसरी अशी, की ती उठली तं बोलेल. हे वाक्य लिहून मी वही बंद केली होती, परत उघडली. रेघ मारणार नाही, कारण खरं आहे.

२३ जानेवारी

अकराले कांता आत गेली. मी काचेबाहेर उभा. ती मशीनकडं पाहतच नाही. खुर्ची ओढते, कंबल सारते, दोन बोटं मनगटावर ठेवते आणि डोळे मिटून बसते. दहा मिनिटं तेवढंच.

बाहेर आली. "आज हाय," म्हणाली.

"काय?"

"नाडी. लई बारीक. दोन येते, एक चुकते. पन हाय."

मी विश्वास ठेवला नाही. चार दिवस आकड्यावर ठेवला, तोंडघशी पडलो, आता बोटांवर कसा ठेवू? निशाले म्हटलं, देखो जरा. तिनं काचेतून बोट दाखवलं. लाल रेघेले बारके उंचवटे आले होते. ६६/५८. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं असतं तं अलार्म वाजवला असता.

दुपारी सोनोग्राफीचं मशीन आणून डॉक्टरांनी हृदय पाहिलं. वीस टक्के. तीन ठोक्यांत दोनदा झडप उघडते. "घाई करायची नाही," म्हणाले, पण आज त्यांनी चहा मागवला.

कांता लॉबीत येऊन खाली फरशीवरच बसली आणि रडली. मी बाजूले बसलो. मले रडू आलं नाही.

२४ जानेवारी

सकाळी ७१/५५. संध्याकाळी ७८/५४. मी आता बाहेरून काचेतून आकडे वाचतो. लिहू का नको, हा विचार केला आणि लिहिले.

२५ जानेवारी

आज मशीन कमी करून पाहिलं. ३.६ वरून ३, मग २.५, मग २, मग १.५. प्रत्येक पायरीवर थांबून डॉक्टर सोनोग्राफीत पाहत होते. मले निशानं काचेजवळ उभं राहू दिलं. आर.पी.एम. उतरताना पाहून माझे दात वाजायले लागले. चौतीस वर्षांत पंपाचा लोड मी हजारदा उतरवला, कधी असं झालं नाही.

दीडवर असताना ८८/५६ होतं. पंधरा मिनिटं तसंच राहिलं, म्हणजे वरखाली होत राहिलं.

डॉक्टर बाहेर आले आणि कांताले म्हणाले, "काकू, उद्या काढतो." माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं, परत बंद पडलं तं? म्हणाले, पडू शकते. खोटं बोलत नाही हा माणूस, म्हणून आवडते मले.

२६ जानेवारी

दवाखान्याच्या खाली सकाळी झेंडा झाला, बुंदी वाटली. दहाले उन्नतीले ऑपरेशनले नेलं, एक वाजता परत आणलं. मशीन निघालं. मांडीले टाके. नळी अजून तोंडात.

मशीन कोपऱ्यात ढकलून ठेवलं होतं, वर पांढरी चादर. आठवडाभर मी त्याचीच तब्येत लिहून राहिलो होतो. वहीत उन्नतीबद्दल काय आहे म्हणून मागची पानं पाहिली. नळी, फेस, पाय. तिचा चेहरा कसा होता, हे एकाही पानावर नाही.

२८ जानेवारी

तोंडातली नळी निघाली. अजून आवाज नाही, नुसता घोगरा वारा. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील. चालता येईल म्हणाले. हृदय पस्तीस टक्के. आणखी वाढेल, किती ते सांगता येत नाही.

कांतानं तिले पायाचं सांगितलं. उन्नतीनं मान हलवली. मले काचेतून पाहिलं आणि हात वर केला, थोडाच. मी पण केला.

आज वॉर्डात हलवणार होते, उद्यावर गेलं. मले बरं वाटलं. वॉर्डात दोघांले बसू देतात, मले तिच्यासमोर बसावं लागलं असतं.

३० जानेवारी

वॉर्ड. खिडकीजवळचा बेड. मी सकाळी दहाले गेलो तेव्हा कांता तिचे केस विंचरत होती. पंधरा दिवसांचा गुंता, मधात मधात थांबून बोटानं सोडवत होती. मी खुर्चीवर बसलो. ऊन पायाकडं आलेलं.

कांतानं विचारलं, "एक सांग मले. अंगात ताप, दम लागून राहिला, आणि तू ड्युटीवर गेली कावून?"

उन्नतीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "काम होतं आई," म्हणाली. "मुझे ही जाना था."

"मरनाचं काय काम होतं असं? तुले आपल्या जीवाचं काही हाय का नाही? एक दिवस घरी झोपली असती तं कारखाना बंद पडत होता का?" कांता बोलत गेली. बोलता बोलता कंगवा जोरात ओढला गेला, उन्नतीनं डोळे मिटले, तरी म्हणाली, "गलती मेरी है, आई. छोड़ न."

मले ते पाहवलं नाही. पंधरा दिवस सगळं पाहिलं, हे नाही पाहवलं.

"मी पाठवलं तिले," मी म्हटलं.

कांताचा हात थांबला. माझ्याकडं वळली नाही.

"त्या सकाळी ताप होता?"

"होता."

"किती?"

"एकशे एक. दोन पॉइंट."

"थर्मामीटर लावला होता तुमी?"

"लावला होता. दोनदा."

"आणि कपायाले हात? हात लावून पायला होता?"

"नाही."

वॉर्डात कोणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास येत होता. उन्नती म्हणाली, "आई, झालं न आता. मैं ठीक हूँ."

"नाही झालं," कांता म्हणाली.  तिनं राहिलेला गुंता सोडवला, वेणी घातली, रबर लावलं. हे सगळं करायले तिले बराच वेळ लागला. मी उठून बाहेर जावं का, तेही मले सुचत नव्हतं. मग ती उठली, बाजूले झाली आणि आपली जागा मले दाखवली.

"लावा आता."

मी तिथं बसलो. उन्नतीच्या कपाळावर हात ठेवला. ती लहान असताना ठेवला असन, पण मले आठवत नाही. कपाळ ओलसर होतं. तिनं डोळे उघडे ठेवले होते, माझ्याकडंच पाहत होती.

"हाय का ताप?" कांतानं विचारलं.

गरम होतं का थंड होतं, मी खूप वेळ पाहिलं. 

"समजून नाही राहिलं मले," मी म्हटलं.

"मंग ठेवा अजून," ती म्हणाली.